तुमचे सकाळी १०, आमचे रात्री ८:३० : एका वाक्याने घालवलेली ऑर्डर



परदेशातल्या ग्राहकांबरोबर दर आठवड्याला ठरलेल्या वेळी ऑनलाइन मीटिंग कशी ठेवायची, हे आपण मागच्या व्हिडिओत बघितलं. लिंक कशी बनवायची, माल कॅमेऱ्यासमोर कसा धरायचा, पेमेंटचं कधी बोलायचं, सगळं झालं. पण घड्याळाचा भाग राहून गेला. तो आज लिहून देतोय, कारण ८ मार्च २०२६ जवळ आला आहे आणि त्याआधी हे वाचलंत तर तुमचा एखादा ग्राहक वाचेल. माझा मागच्या वर्षी वाचला नाही.

आधी माझी फजिती सांगतो.

माझं नाशिकला साड्यांचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. येवला जवळ असल्यामुळे पैठणी हा आमचा मुख्य माल. २०२५ च्या जानेवारीत न्यू जर्सीमधल्या एका ताईंची ओळख झाली. त्यांचा चौदा जणींचा ग्रुप. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला सगळ्यांना पैठणी किंवा सेमी पैठणी हवी होती. एकदम नाही, दर शनिवारी थोड्या थोड्या बघायच्या, रंग ठरवायचे आणि मार्चच्या मध्यावर फायनल करायचं असं ठरलं.

मी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला: "दर शनिवारी, तुमचे सकाळी १०, आमचे रात्री ८:३०." ताईंनी तो ग्रुपवर पिन करून ठेवला. आमचं शटर साडेआठला खाली येतं, तिकडे त्यांचा चहा-नाश्ता उरकलेला असतो. एकदम छान जमलं. जानेवारी झाला, फेब्रुवारी झाला, मार्चचा पहिला शनिवारही झाला.

मग आला १५ मार्चचा शनिवार. फायनलचा दिवस. मी संध्याकाळीच सोळा साड्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. पाडवा पंधरा दिवसांवर, त्यामुळे दुकानात गर्दी. मोबाइल गल्ल्याच्या खणात सायलेंटवर. साडेआठला शटर ओढलं, लाइट लावला, लिंक उघडली आणि बसलो. पावणेनऊ झाले, कोणी नाही. म्हणून मोबाइल बघितला तर सात मिस्ड कॉल, सगळे साडेसात ते आठच्या मधले.

ताईंना फोन लावला. त्या चिडल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "दादा, आम्ही चौदा जणी दहा वाजता बसलो होतो. पंचवीस मिनिटं वाट बघितली. सगळ्यांना एकत्र आणायला मला किती फोन करावे लागतात, तुम्हाला माहीत नाही." पुढच्या शनिवारपर्यंत थांबणं त्यांना परवडणारं नव्हतं, कुरिअरला दिवस लागतात. त्यांनी दुसरीकडून घेतल्या. सोळा साड्यांतली एकही गेली नाही.

चूक कोणाची? त्या त्यांच्या घड्याळाप्रमाणे बरोबर दहाला आल्या. मी माझ्या घड्याळाप्रमाणे बरोबर साडेआठला बसलो. चुकीचं होतं ते माझं वाक्य. "तुमचे १०, आमचे ८:३०" या एका ओळीत मी दोन वचनं दिली होती. ९ मार्च २०२५ ला अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे गेली आणि त्यातलं एक वचन आपोआप खोटं झालं.

घड्याळ पुढे जातं म्हणजे काय होतं?

अमेरिकेत आणि युरोपात उन्हाळा आला की घड्याळ एक तास पुढे करतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर परत मागे आणतात. संध्याकाळचा उजेड कामाला यावा, हा हेतू. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मनीने इंधन वाचवण्यासाठी हे देशभर सुरू केलं, मग इतरांनी उचललं. तिकडे ऋतूप्रमाणे दिवस खूप लहानमोठा होतो. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा, तर डिसेंबरमध्ये आठ तासांचाही नाही. आपल्याकडे मुंबई-नाशिकला सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान दिवसात फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. म्हणून आपल्याला त्याची सवय नाही, आणि म्हणूनच आपण फसतो.

तसं बघितलं तर दोन घड्याळांचा गोंधळ आपल्यालाही नवा नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईत पुढे बरीच वर्षं "मुंबई टाइम" चालू होता, ३९ मिनिटं मागे. कोणी वेळ सांगितली की "कुठला टाइम?" हे विचारावं लागायचं. परदेशी ग्राहकाबरोबर काम करताना तोच प्रश्न आपण विसरतो.

आता नियम लिहून घ्या. वहीत लिहा, फक्त स्क्रीनशॉट काढू नका.

अमेरिका (बहुतेक राज्यं) : मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. २०२६ मध्ये ८ मार्च आणि १ नोव्हेंबर.

इंग्लंड आणि युरोपियन युनियन : मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर.

ऑस्ट्रेलिया (सिडनी, मेलबर्न) : तिकडे ऋतू उलटे, म्हणून घड्याळही उलटं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे. २०२६ मध्ये ५ एप्रिल आणि ४ ऑक्टोबर.

दुबई, सिंगापूर, जपान : काहीच बदल नाही. दुबई वर्षभर आपल्यापेक्षा दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे.

देशाचं नाव ऐकून गणित करू नका, शहर विचारा. अमेरिकेतच ॲरिझोनामधलं फिनिक्स घड्याळ बदलत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी बदलतं, ब्रिस्बेन बदलत नाही.

आपल्यापासूनचं अंतर असं लक्षात ठेवा. न्यूयॉर्क-न्यू जर्सी हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे पश्चिमेकडच्या ग्राहकांसाठी सोपं सूत्र : त्यांचा उन्हाळा आला की अंतर एक तासाने कमी, हिवाळा आला की एक तासाने जास्त.

आपल्या सीझनलाच हे का नडतं?

हा मुद्दा मला फटका बसल्यावर कळला. घड्याळं बदलतात मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. आणि आपला धंदा कधी असतो? पाडव्याला आणि दिवाळीला! साड्या असोत, फराळ असो, दागिने असोत की पूजेचं साहित्य, परदेशातला मराठी माणूस आपल्याकडे वळतो तेव्हाच नेमकी घड्याळं हलतात.

२०२६ चंच बघा. पाडवा १९ मार्चला, गुरुवारी. त्याआधीचा शेवटचा शनिवार १४ मार्च. अमेरिकेत बदल ८ मार्चला. म्हणजे पाडव्याआधीची तुमची शेवटची शनिवारची मीटिंग ही बदलानंतरची पहिलीच मीटिंग आहे. मी ज्या खड्ड्यात पडलो, तोच खड्डा.

दिवाळीला तर अजून मजा आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. समजा तुम्ही दर शनिवारी भारताच्या रात्री ८ वाजता मीटिंग ठेवली आहे आणि त्यात लंडनच्या काकूही आहेत, न्यू जर्सीच्या ताईही आहेत. तर:

२४ ऑक्टोबर : लंडन दुपारी ३:३०, न्यू जर्सी सकाळी १०:३०.
३१ ऑक्टोबर : लंडन दुपारी २:३०, न्यू जर्सी सकाळी १०:३०.
७ नोव्हेंबर : लंडन दुपारी २:३०, न्यू जर्सी सकाळी ९:३०.

तीन शनिवार, तीन वेगळी गणितं. आणि तुमच्या दुकानातल्या घड्याळात मात्र तिन्ही वेळा आठच वाजलेले. तुम्हाला वाटणार काही बदललंच नाही. खरा धोका तो आहे.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट : मीटिंग कोणाच्या घड्याळावर चालणार, ते एकदाच ठरवा. दोन्ही घड्याळांवर ती कायम राहू शकत नाही. एक घड्याळ स्थिर, दुसऱ्याने सरकायचं. माझा नियम सोपा आहे. ज्याला वेळ काढणं जास्त अवघड, घड्याळ त्याचं. बहुतेक वेळा तो ग्राहक असतो. चौदा जणींना एकत्र आणणाऱ्या ताईंपेक्षा मला एकट्याला एक तास सरकणं सोपं आहे. पण तुमच्या बॅचमध्ये तीसजण महाराष्ट्रातले आणि दोनजण बाहेरचे असतील, तर घड्याळ भारताचं ठेवा आणि त्या दोघांना आधी स्पष्ट सांगा की मार्चनंतर तुमची वेळ बदलेल.

दुसरी गोष्ट : वेळ दोन्ही ऋतूंत तपासा. मी फक्त जानेवारीचं गणित केलं होतं. न्यू जर्सीचे सकाळी १० म्हणजे हिवाळ्यात आपले रात्री ८:३०, पण उन्हाळ्यात संध्याकाळी ७:३०. साडेसातला माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे मेसेज बरोबर लिहिला असता, तरी ती वेळ मार्चनंतर मला झेपणार नव्हतीच. आता मी न्यू जर्सीचे सकाळी ११ ठेवतो. हिवाळ्यात आपले रात्री ९:३०, उन्हाळ्यात ८:३०. दोन्ही वेळा शटर खाली. वेळ ठरवताना कागदावर दोन ओळी लिहा, एक हिवाळ्याची, एक उन्हाळ्याची. दोन्हीकडे जमत असेल तरच हो म्हणा.

तिसरी गोष्ट : कॅलेंडरमध्ये टाइम झोन शहराने निवडा. गूगल कॅलेंडरमध्ये मीटिंग बनवताना वेळेच्या शेजारी टाइम झोन निवडायची सोय आहे, ती आपण कधी उघडतच नाही. झूममध्येही परत परत होणारी मीटिंग लावताना टाइम झोन विचारतात. तिथे आपोआप भारत आलेला असतो. घड्याळ न्यू जर्सीचं ठरलं असेल, तर तिथे न्यूयॉर्क निवडा आणि सकाळी ११ टाका. मग मार्चमध्ये ग्राहकाचे ११ चे ११ राहतात आणि तुमच्या मोबाइलवर मीटिंग आपोआप साडेनऊवरून साडेआठवर येते. लंडनसाठी लंडनच निवडा. नुसतं जीएमटी किंवा यूटीसी निवडू नका. ती घड्याळं वर्षभर हलत नाहीत, लंडनचं हलतं.

लावून झाल्यावर एक मिनिट काढा. कॅलेंडर पुढे सरकवा, १४ मार्चचा शनिवार उघडा, मग ७ नोव्हेंबरचा उघडा. वेळ हवी तशी दिसते का बघा. एवढी एक तपासणी मी केली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आणि इन्व्हाइट सगळ्यांना पाठवा. मी फक्त एका ताईंना पाठवला होता. गंमत म्हणजे त्यांच्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये १५ मार्चला मीटिंग ११ वाजताच दाखवत होती. पण बघणार कोण? ग्रुपवर माझा पिन केलेला मेसेज होता ना, "तुमचे सकाळी १०"! माणूस कॅलेंडरपेक्षा मेसेजवर विश्वास ठेवतो. म्हणून मेसेजही तितकाच नीट हवा.

चौथी गोष्ट : मेसेजमध्ये शहराचं नाव लिहा, अक्षरं नको. "आयएसटी" आपल्याला भारताचं वाटतं, पण आयर्लंड आणि इस्रायलही तीच तीन अक्षरं वापरतात. "ईएसटी" हे न्यूयॉर्कच्या फक्त हिवाळ्यातल्या वेळेचं नाव आहे, लोक मात्र बाराही महिने तेच लिहितात. आता माझा मेसेज असा असतो:

"दर शनिवारी, न्यू जर्सी वेळेनुसार सकाळी ११. ही वेळ वर्षभर हीच राहील. नाशिकला तेव्हा सध्या रात्रीचे ९:३० वाजलेले असतात. ८ मार्चनंतर रात्रीचे ८:३० होतील, ते मी सांभाळेन."

बघा, वचन एकच. दुसरी वेळ फक्त माहितीसाठी, आणि ती कधीपर्यंत खरी, तेही लिहिलेलं.

पाचवी गोष्ट : तीन देश एकत्र असतील, तर मधल्या आठवड्यांची वेगळी नोंद करा. माझ्या न्यू जर्सीच्या मीटिंगमध्ये आता लंडनच्या एक काकू असतात. त्यांना ती दुपारी ४ वाजता पडते. पण अमेरिका ८ मार्चला बदलणार आणि लंडन २९ मार्चला. मधले १४, २१ आणि २८ मार्च, हे तीन शनिवार काकूंना दुपारी ३ ला यावं लागेल. तसाच ३१ ऑक्टोबरचा एक शनिवार. वर्षाचे हे चार शनिवार मी जानेवारीतच काकूंना लिहून पाठवले. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस, त्या वेळी मी नातवाला क्लासला सोडते." मग त्या चार दिवसांसाठी त्यांना वेगळा व्हिडिओ पाठवायचं ठरलं. आधी कळलं म्हणून तोडगा निघाला.

सहावी गोष्ट : वार आणि तारीख दोन्ही लिहा. आपण बोलताना "शनिवारी रात्री साडेबारा" म्हणतो. आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून आपल्या मनात तो शनिवारच असतो. कॅलेंडरच्या हिशोबाने मात्र तो रविवार झालेला असतो. लॉस एंजेलिसचे दादा म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी ७," तर आपल्याकडे रविवार सकाळ असते, हिवाळ्यात ८:३० आणि उन्हाळ्यात ७:३०. म्हणून लिहायचं : "लॉस एंजेलिस शनिवार १४ मार्च संध्याकाळी ७, नाशिक रविवार १५ मार्च सकाळी ७:३०."

सातवी गोष्ट : बदलाच्या आधी दोन आठवडे एक मेसेज आणि आदल्या दिवशी एक मेसेज. आणि बदलानंतरच्या पहिल्या मीटिंगच्या दिवशी जुन्या वेळेलाही मोबाइल हातात ठेवा, खणात नको. कोणीतरी चुकून तेव्हा येणारच. तेव्हा दोन मिनिटांत उत्तर मिळालं, तर ग्राहक हसून परत येतो. पंचवीस मिनिटं थांबावं लागलं, तर येत नाही.

पुढे काय झालं?

त्या ताईंना मी दुसऱ्या दिवशी मोठा मेसेज लिहिला होता. त्यात अमेरिकेचं घड्याळ, भारताचं घड्याळ, सगळं समजावून सांगितलं होतं. पाठवायच्या आधी वडिलांना दाखवला. दुकान त्यांनीच उभं केलंय. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "यात तू माफी कुठे मागितलीस?" खरंच नव्हती. मी फक्त माझं कसं बरोबर होतं, ते लिहिलं होतं. तो मेसेज पुसला आणि दोन ओळी लिहिल्या : चूक माझी, वेळ मी चुकीची कळवली, तुम्हा सगळ्यांची सकाळ वाया गेली.

चौदापैकी पाचजणी त्या वर्षी दिवाळीला परत आल्या. नऊ नाही आल्या. त्यांना दोष देता येत नाही. बीबीए करताना ग्राहक टिकवण्यावर पानंच्या पानं वाचली होती, पण परदेशातल्या ग्राहकाला आपलं दुकान दिसत नाही, आपली पाटी दिसत नाही, आपल्या वडिलांची पन्नास वर्षांची ओळख दिसत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. त्याला दिसतं ते एवढंच, की सांगितलेल्या वेळी समोर माणूस होता की नव्हता.

आज दुकान बंद केल्यावर एवढंच करा. तुमचं कॅलेंडर उघडा, परदेशातल्या ग्राहकाबरोबरची एकच मीटिंग घ्या आणि ती कुठल्या शहराच्या घड्याळावर लावली आहे ते बघा. मग त्या ग्राहकाला पाठवलेला जुना मेसेज शोधा. त्यात दोन वेळा असतील आणि वचन कोणतं ते लिहिलेलं नसेल, तर आत्ताच नवीन मेसेज टाका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या.